बातम्यांच्या वाहिन्यांविषयी, आई-बाबांस

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, इकडे सर्व क्षेम आहे. फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई फोन काढून घेते, म्हणून लिहिते आहे. केबलवाल्याला सांगून मी आपल्या पॅकमधून बातम्यांच्या सगळ्या खासगी वाहिन्या काढल्या आहेत. आईच्या मालिका, बाबांचे क्रिकेट आणि जुन्या गाण्यांची वाहिनी जागच्या जागी आहेत. सह्याद्रीही आहे, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या चुकणार नाहीत.

बाबा, जगाकडे पाठ फिरवा असे मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. ओसरीवर बसवून माझ्याकडून अग्रलेख मोठ्याने वाचून घेणारे तुम्हीच आणि अडलेला शब्द समजेपर्यंत पान उलटू न देणारेही तुम्हीच. परंतु भारत-पाकिस्तान संघर्षात 8 मे 2025 च्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद ताब्यात आले असे वाहिन्या ओरडून सांगत होत्या आणि मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता, तेव्हा आपले घर समुद्रकाठी म्हणून तुम्ही खिडक्यांना चादरी बांधून जागत बसलात. कराचीचे आणि इस्लामाबादचे ते दावे साफ खोटे होते. तुमचा वाढलेला रक्तदाब मात्र खरा होता. त्या भोंग्यांविषयी 10 मे रोजी नागरी संरक्षणाच्या केंद्रीय महासंचालनालयाला सूचना काढावी लागली की, जनजागृतीच्या कार्यक्रमांखेरीज हा आवाज वापरू नये, कारण तो सतत कानावर पडला तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी लोक त्याकडे दुर्लक्ष करतील.

त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. जम्मू-काश्मीरमधल्या पूंछमध्ये 7 मे रोजी पाकिस्तानी तोफमाऱ्यात मदरशातले एक शिक्षक मारले गेले आणि काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवले. अखेर पूंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला. बाबा, तुम्ही उभी हयात शिक्षक होतात. गेलेल्या माणसाची बाजू कोण मांडणार, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आई, तुझ्याविषयीही थोडे लिहिते, रागावू नकोस. दाराशी आलेल्या कोणालाही तू पाणी दिल्याशिवाय पाठवले नाहीस, आणि तरीही 2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेल्यानंतर त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिच्याविषयी तू जे बोलायचीस ते ऐकून मला वाटायचे की हे शब्द आपल्या घरातले नाहीत. ते तुझे नव्हतेच. दिवसभर कानावर आदळत होते, ते तोंडी आले होते. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की वाहिन्यांनीच चालवलेल्या अशा माध्यम-खटल्याने तपासात आणि न्यायदानात बाधा येते. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवालही दिला, पण त्याची चर्चा त्या वेळेइतकी झाली नाही. भीतीने बाबांची झोप जाते, त्याहून मला या कठोरपणाचीच काळजी अधिक वाटते.

हे थांबत का नाही, असे बाबा विचारतील. निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून टीआरपी, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते त्याचा आकडा ठरतो, त्यावर जाहिरातींचा भाव ठरतो, आणि गावोगाव वार्ताहर पाठवण्यापेक्षा स्टुडिओत चार माणसे भांडायला बसवणे स्वस्त पडते. टीआरपीमधल्या गैरव्यवहाराच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर 2020 मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबले, मार्च 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. 26/11 च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कडक ताशेरे ओढले होते; त्या रात्री तुम्ही तिकडे आणि मी इकडे काय भोगले, ते पुन्हा लिहीत नाही. सतत पाहत राहणे शरीरालाही सोसत नाही. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या बातम्या रोज सहा तास किंवा अधिक पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या किंवा वाचणाऱ्यांना, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक ताण जाणवल्याचे संशोधकांना आढळले.

तुमच्या घरातला निर्णय मी परस्पर घेतला म्हणून बाबांना वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला कळत नाही म्हणून हे केलेले नाही. त्या आवाजापुढे माझेही काही चालत नाही, म्हणून माझ्याही घरी त्या वाहिन्या नाहीत.

आता नीट ऐका. पेपरवाल्याला पुढच्या महिन्यापासून दोन पेपर टाकायला सांगितले आहे, पैसे मी दिले आहेत, ते त्याला पुन्हा देऊ नका. सकाळी रेडिओवर प्रादेशिक बातम्या लावा. सेल कपाटाच्या वरच्या खणात आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिसल्याशिवाय पुढे पाठवायची नाही, हे आईलाही लागू आहे. बाबा, गोळी जेवणानंतर घ्यायची आहे आणि रक्तदाब सकाळी मोजून वहीत लिहायचा आहे. रविवारी मी फोनवर आकडे विचारीन. महिनाभर असे राहून पाहा. तरीही करमले नाही, तर बाबांनी केबलवाल्याला स्वतः फोन करावा, मी एका शब्दाने बोलणार नाही.

तुमची,
बेबी