गोळ्या पुरवून वापरू नकोस

लक्ष्मीनगर, नागपूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी तुझा फोन आला, जर्मनीत ड्रेस्डेनमधला तुझा मुक्काम ऑक्टोबरऐवजी जानेवारीअखेरपर्यंत वाढल्याचे तू सांगितलेस आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. तुझ्या बाबांनी तर फोन ठेवताच कॅलेंडरचे शेवटचे पान उलटून पाहिले. पण बोलता बोलता तू सहज सांगून गेलास की फिटच्या गोळ्या जपून वापरतो आहेस आणि दोन दिवसांपासून सकाळची अर्धीच घेतोस. तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही. फोनवर मी रागावले असते आणि तू "बरं, बरं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते शेवटपर्यंत वाच.

आधी हिशेब करू. जुलैच्या मध्यावर तू निघालास तेव्हा तीन महिन्यांच्या १८० गोळ्या, म्हणजे दहा-दहाच्या १८ स्ट्रिप, आपण दोघांनी मोजून बॅगेत भरल्या होत्या. त्यांतल्या सहा स्ट्रिप उरल्या आहेत असे तू म्हणालास. सकाळी एक आणि रात्री एक या प्रमाणाने त्या ३० दिवस पुरतील. सकाळची अर्धी केलीस तर ४० दिवस. म्हणजे एवढा धोका पत्करून तू फार तर दहा दिवस मिळवणार, आणि तुला काढायचे आहेत साडेचार महिने. ही काटकसर कुठेच पोहोचत नाही, रे.

तुझे औषध पुरवून वापरण्यातले नाही. आपल्या रामदासपेठेतल्या डॉक्टरांना मी काल जाऊन भेटले, तेव्हा त्यांनी मला कागदावर काढून समजावले की तुझ्या गोळीतले औषध, लेव्हेटिरॅसिटॅम, रक्तात गेल्यावर सहा ते आठ तासांत त्यातले निम्मे उतरते, आणि म्हणूनच ते दिवसातून दोनदा द्यावे लागते. थायरॉइडच्या गोळीचे तसे नाही. ती शरीरात कित्येक दिवस टिकते, तिचा एखादा खाडा पडला तरी लगेच काही बिघडत नाही. तुझ्या गोळीचा खाडा मात्र त्याच दिवशी भोवू शकतो, आणि हे औषध एकाएकी कमी केले किंवा थांबवले तर झटके पूर्वीपेक्षा जोराने आणि एकापाठोपाठ एक येण्याची भीती असते.

तुला पहिली फिट आली ती बारावीच्या वर्षी, पहाटे, रात्रभर जागून अभ्यास केल्यावर. तुला त्यातले काहीच आठवत नाही, मला मात्र सगळे आठवते. ओट्यावरचा स्टीलचा पेला तुझ्या हाताने खाली पडला आणि तो फरशीवर गडगडत फ्रिजखाली गेला तो आवाज, तुझे आवळलेले दात, शेजारच्या काकूंनी हुंगवायला धावत आणलेला कांदा, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी मोजलेली ती तीन मिनिटे. गेली सहा वर्षे तुला एकदाही झटका आलेला नाही, तो या गोळ्यांमुळे. "आता बरा आहे, थोडी कमी घेतली तर काय होते" असे तुझ्या मनात येत असेल, तर बरा कशामुळे आहेस तेही आठव.

हे मी तुला अधिकाराने सांगू शकते, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे आणि तुम्हा मुलांपासून ती लपवलेली आहे. ताईच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीला गेले तेव्हा तीन महिन्यांचे जाणे ठरले होते. तिचे सिझेरियन झाले, मुक्काम साडेपाच महिन्यांवर गेला, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चौथ्या महिन्यात संपत आल्या. ताईला आधीच बाळाचे आणि टाक्यांचे दुखणे, त्यात आपले काय सांगायचे, म्हणून मी एक दिवसाआड गोळी घेऊ लागले. एका सकाळी बाळाला न्हाऊ घालून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाळासकट टबच्या काठावर बसले. बाळ हातात होते, ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. त्या दिवशी अर्जंट केअरमध्ये, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणाऱ्या तिथल्या दवाखान्यात, मोजलेला रक्तदाब १९० वर ११० होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला फक्त एकच प्रश्न विचारला, की गोळ्या संपायच्या आधी का आला नाहीत. माझी आपल्याकडची दोन औषधांची एकत्र गोळी त्यांनी दोन वेगळ्या गोळ्या करून लिहून दिली, आणि किराणा दुकानातल्याच औषधाच्या खिडकीवर अर्ध्या तासात माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली नारिंगी बाटली हातात आली. ती बाटली मी टाकलेली नाही. तिच्यात आता वेलची ठेवते.

आता तुझ्याविषयी. आम्ही इथून गोळ्या पाठवू असे तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. जर्मनीत प्रवाशाला स्वतःपुरते, साधारण तीन महिन्यांचे औषध सोबत नेता येते, पण भारतासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या देशातून खासगी माणसाने टपालाने किंवा कुरिअरने औषध मागवणे तिथल्या कायद्यात बसत नाही. पाकीट कस्टममध्ये अडकते आणि तू वाट पाहत बसतोस. आपल्या गल्लीतल्या काकांचे जावई पुढच्या महिन्यात फ्रँकफुर्टला जाणार आहेत आणि त्यांनी आपण होऊन विचारलेही, पण प्रवाशाला मिळणारी सवलत त्याच्या स्वतःच्या औषधापुरती आहे. दुसऱ्याच्या नावाच्या शंभरावर गोळ्या त्यांच्या बॅगेत घालून विमानतळावर त्यांना उत्तरे द्यायला लावणे मला पटले नाही. मी त्यांचे आभार मानले आणि नाही म्हटले.

खरा मार्ग सरळ आहे, आणि तो तिथल्या डॉक्टरमधून जातो. आपल्या डॉक्टरांनी इथून व्हिडिओवर तपासून लिहून दिलेली चिठ्ठी तिथला औषधविक्रेता घेणार नाही; त्याला जर्मनीतल्या किंवा युरोपीय संघातल्या डॉक्टरचीच लागते. मेंदूविकार तज्ज्ञाची वेळ मिळायला तिकडे आठवडेच्या आठवडे लागतात, पण तुला आधी त्यांच्याकडे जाण्याची गरज नाही. हाउसआर्ट्स्ट म्हणजे तिथले घरगुती डॉक्टर चालू असलेले औषध पुढे लिहून देऊ शकतात. सोमवारी सकाळी दवाखाना उघडताच फोन कर आणि पहिल्याच वाक्यात सांग, की मला एपिलेप्सी आहे, माझ्या गोळ्या अमुक दिवशी संपतात. लाजून "जरा तपासून घ्यायचे आहे" असे म्हणालास तर तुला महिन्यानंतरची वेळ देतील.

सोबत न्यायचे पत्र मी काल आपल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यासह घेतले आहे आणि बाबांनी ते तुला ईमेलने पाठवले आहे. आपल्या मेडिकलमध्ये आपण नुसते "लेव्हीपिल द्या" म्हणतो. ते नाव तिकडे कुणाला कळणार नाही, म्हणून पत्रात औषधाचे मूळ नाव, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे स्पष्ट लिहिले आहे. आजाराच्या नावापुढे जी-४० हा आंतरराष्ट्रीय संकेतांकही आहे. जर्मन डॉक्टरांची सगळी नोंद याच संकेतांकांवर चालते, त्यामुळे भाषेची अडचण निम्मी कमी होईल. तुझे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच घालायला लावली. स्ट्रिपचे रिकामे वेष्टणही बरोबर ठेव. गोळ्यांचे मोठे खोके मागताना एन-३ म्हण, म्हणजे पुन्हा पुन्हा जावे लागणार नाही.

पैशांचा विचार तू करत असशील हे मला ठाऊक आहे. इथून काढलेल्या प्रवास विम्यात आधीपासूनच्या आजाराचे रोजचे औषध सहसा बसत नाही, तेव्हा डॉक्टरांची फी आणि गोळ्या आपल्या खिशातून जातील. जाऊ देत. युरोचे रुपये करून पाहू नकोस. बाबांनी त्यासाठी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. वाढलेल्या मुदतीसाठी संस्थेने तुला नोकरीचा करार दिला आणि तिथला सरकारी आरोग्य विमा लागू झाला, तर मात्र एका औषधामागे तुला जास्तीत जास्त १० युरो भरावे लागतील. हे संस्थेच्या कार्यालयात या आठवड्यातच विचारून घे.

दोन गोष्टी राहिल्या. सुटीच्या दिवशी किंवा रात्री गोळ्यांवाचून अडलास तर ११६११७ या क्रमांकावर डॉक्टर मिळतात, आणि त्या वेळी कोणते औषध दुकान उघडे आहे ते प्रत्येक आपोथेकेच्या दारावर लावलेले असते. दुसरे, तुझ्या खोलीतल्या सोबत्याला सगळे सांगून ठेव: झटका आला तर कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटे उलटली तर ११२ ला फोन करायचा. कुठे दुखले-खुपले म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलास तरी फिटचा त्रास आधी सांग, कारण ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाने तुला झटका येऊ शकतो.

तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आमच्याकडे साडेअकरा झालेले असतात. उद्या त्या वेळी मी फोनजवळ बसलेली असेन. पूर्ण गोळी घेतलीस एवढे कळव, आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ कोणती मिळाली तेही.

तुझी,
आई