रिपोर्टवर वेळ लिहिणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या लॅबमधून आलेल्या एका रिपोर्टवर होमोसिस्टीनच्या (हा रक्तातला एक घटक, वाढला तर लकव्याचा धोका जास्त मानतात) आकड्याशेजारी निळ्या पेनाने एक ओळ लिहिली होती : 'रक्त घेतले ८.१०, प्लाझ्मा वेगळा केला ८.३५, बर्फात.' खाली सही. या एका ओळीबद्दल हे जाहीर पत्र. खासगीत आभार मानून भागलं असतं, पण ही ओळ किती मोलाची आहे हे इतर लॅबवाल्यांनी, डॉक्टरांनी आणि पेशंटनीही वाचावं असं मनापासून वाटतं.

ज्या बाईंचा तो रिपोर्ट, त्यांचं वय पन्नाशीचं, बीपीची गोळी चालू, वडिलांना लकवा झालेला. आधी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका पॅकेजमध्ये त्यांचं होमोसिस्टीन ३३ आलं. आकडा लाल, शेजारी घड्याळासारखं चित्र, काटा टोकाला, आणि खाली 'स्ट्रोकचा धोका : अतिउच्च'. रक्त कधी घेतलं, मशीनपर्यंत कधी पोचलं, वाटेत कसं ठेवलं, कशाचाही उल्लेख नाही. विचारायला फोन केला तर पलीकडून पुढच्या पॅकेजची सवलत सांगितली. घरचे हादरले होते. बाईंनी स्वतःच्या हाताने कागदपत्रं आणि कपाटाच्या किल्ल्या मुलाच्या ताब्यात दिल्या होत्या.

तुमच्याकडे तीच तपासणी १९ आली.

३३ चे १९ कसे झाले, ते तुम्हाला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्यांसाठी लिहितो. शरीरातून बाहेर काढलेलं रक्त लगेच थांबत नाही. बल्बमधल्या, म्हणजे रक्त भरायच्या नळीतल्या, तांबड्या पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण दहा टक्क्यांनी आकडा चढतो. सकाळी सातला घेतलेला बल्ब कलेक्शनवाल्याच्या बॅगेत दहा घरं फिरून दुपारी उशिरा सेंट्रिफ्यूजला (रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्राला) लागला, तर १९ चे तिशीपार जायला वेगळा आजार लागत नाही. प्लेन बल्बमध्ये तर रक्त गोठायची वाट बघण्यातच अर्धा तास जातो. म्हणून जांभळ्या झाकणाचा, रक्त गोठू न देणारा ईडीटीए बल्ब, भरल्यावर सावकाश आठ-दहा वेळा उलटासुलटा, लगेच बर्फात, आणि तासाच्या आत फिरवून प्लाझ्मा, म्हणजे वर राहिलेला पिवळसर द्रव, वेगळा. बर्फ नसेल तर तिथल्या तिथे फिरवायचं. एकदा पेशी खाली बसल्या आणि प्लाझ्मा वेगळ्या नळीत गेला की आकडा कितीतरी दिवस तसाच राहतो, मग खुशाल शहरात पाठवा. तुम्ही पंचवीस मिनिटांत हे सगळं केलंत. आणि केलंत तेवढ्यावर न थांबता लिहून दिलंत. केलेलं काम दिसत नाही. लिहिलेल्या वेळेवर डॉक्टर औषध ठरवू शकतो.

१९ हाही आकडा चांगला नाही. पंधराच्या वर तो वाढलेलाच. पण आकडा १९ आहे की ३३, यावर पुढचा विचार बदलतो. आपल्याकडे अशा वाढीमागे बहुतेक वेळा बी-१२ ची कमतरता असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला : ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन पंधराच्या वर. शहरी मध्यमवर्गात प्रमाण आणखी जास्त. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत रांगेने रक्त घेतलं तर निम्म्याहून अधिक रिपोर्ट लाल येतील. त्या सगळ्यांना 'अतिउच्च धोका' म्हणून घाबरवायचं का?

शाकाहारी जेवण, वर्षानुवर्षांची मधुमेहाची मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची रोजची गोळी, मंदावलेली किडनी, कमी काम करणारं थायरॉइड, एवढं बघून झाल्यावर होमोसिस्टीनकडे वळायचं असतं. तुम्ही त्याच प्लाझ्मासोबत बी-१२, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) सुचवलंत, त्यामुळे आमचा एक फेरा वाचला. बी-१२ कमी निघालं. अशा वेळी नुसतं फोलिक ॲसिड देणं धोक्याचं, कारण हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आधी बी-१२, मग गरज पडली तर फोलिक.

आणि होमोसिस्टीन उतरवल्याने स्ट्रोक टळतो का? इथे प्रामाणिक राहायला हवं. २००४ साली अमेरिका, कॅनडा आणि स्कॉटलंडमधल्या ३,६८० रुग्णांवर, ज्यांना एकदा स्ट्रोक होऊन गेला होता, जास्त मात्रेची जीवनसत्त्वं देऊन पाहिली. आकडा उतरला, पुढचा स्ट्रोक काही टळला नाही. २०१५ साली चीनमधून वेगळं उत्तर आलं : बीपी असलेल्या पण स्ट्रोक न झालेल्या २०,७०२ जणांत एनालाप्रिल या बीपीच्या गोळीसोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांना पहिला स्ट्रोक २.७ टक्के, नुसतं एनालाप्रिल घेणाऱ्यांना ३.४ टक्के. तिथे पिठात फोलिक मिसळण्याची पद्धत नव्हती, म्हणून फरक दिसला असं मानतात. म्हणजे कमतरता असेल तर भरून काढण्यात अर्थ आहे. आकड्याच्या मागे धावण्यात नाही.

तुमची दुसरी गोष्ट. बाईंच्या चिठ्ठीवर आम्ही एचएस-सीआरपीही लिहिलं होतं. तुम्ही ते केलं नाही. रक्त घेताना विचारलंत, 'सर्दी-ताप, दात-हिरडी काही?' हिरडी सुजलेली निघाली. मग कागदावर 'दोन आठवड्यांनी' लिहून पैसे परत दिलेत. अगदी बरोबर. ही तपासणी आहे रक्तवाहिन्यांतल्या मंद जळजळीसाठी. सुजलेल्या हिरडीपुढे ती आंधळी होते. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, हे तीन कप्पे अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००३ साली ठरवून दिले, तेव्हाच सांगितलं होतं की दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्या, आणि १० च्या वर आकडा आला तर धोक्याचं गणित बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधा. हे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमधले. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापतात, म्हणजे तिथला ०.३ हा इथला ३. एकक न वाचता औषध सुरू केलेले आणि एकक न वाचता औषध नाकारलेले, दोन्ही प्रकारचे कागद आमच्या टेबलावर येतात.

सीआरपीचा धसका घेणाऱ्यांना २००८ चा ज्युपिटर अभ्यास जरूर सांगावा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण सीआरपी २ किंवा जास्त, अशा १७,८०२ लोकांत रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने (२० मिलिग्रॅम) स्ट्रोक जवळपास निम्मे झाले, ६४ वरून ३३. हे मोठंच यश. पण ६४ स्ट्रोक झाले ते खोटी गोळी घेतलेल्या सुमारे ८,९०० लोकांत, दोनेक वर्षांच्या काळात. बाकीच्यांचाही सीआरपी वाढलेलाच होता. वाढलेल्या मार्करचा, म्हणजे धोका सुचवणाऱ्या रक्तातल्या खुणेचा, अर्थ 'तुम्हाला लकवा होणार' असा नसतो, तुमच्यासारख्या माणसांच्या गटात तो थोडा जास्त होतो एवढाच असतो. चित्रातला काटा हे सांगत नाही.

लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याबद्दलही तुमचे आभार. तुम्ही ते नॅनोमोल प्रति लिटरमध्ये दिलंत आणि मिलिग्रॅममध्ये बदलून दिलं नाहीत. कितीतरी ठिकाणी अडीचने गुणून किंवा भागून मोकळे होतात. पण या कणातल्या प्रथिनाची लांबी प्रत्येक माणसात वेगळी, त्यामुळे वजन आणि संख्या यांचं एकच प्रमाण बसत नाही. १२५ नॅनोमोल किंवा ५० मिलिग्रॅम, ज्या एककात मोजलं त्याचीच रेषा धरायची. हा आकडा बहुतांशी आईवडिलांकडून येतो, आयुष्यभर फारसा हलत नाही, म्हणून एकदा केलं की पुरे. दरवर्षीच्या पॅकेजमध्ये तो पुन्हा पुन्हा घालणं म्हणजे लोकांचे पैसे घेणं, दुसरं काही नाही. जास्त असेल तर एलडीएल आणि बीपी जास्त काटेकोर ठेवायचं, आणि भावंडांची-मुलांची एकदा तपासणी करायची.

तुमच्या काउंटरवर 'केस-नखांसाठी गोळी चालू आहे का' असा प्रश्न विचारतात, हेही बाईंनी सांगितलं. हा प्रश्न भल्याभल्या लॅबमध्ये ऐकू येत नाही. त्या गोळ्यांत पाच-दहा मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि काही मशिनांवर ते तपासणीच्या रसायनातच घुसतं : ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) खोटं कमी येतं, बी-१२ खोटं जास्त. म्हणजे खरी कमतरता असलेल्या बाईचा बी-१२ रिपोर्ट नॉर्मल, होमोसिस्टीन वाढलेलं, आणि डॉक्टर बुचकळ्यात. दोन-तीन दिवस गोळी थांबवून रक्त दिलं की प्रश्न मिटतो.

एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारी तपासणी, तुम्ही पॅकेजमध्ये ठेवलेलंच नाही, त्यालाही दाद. ज्याला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे, त्याच्या स्ट्रोकचा अंदाज बांधायला ते उपयोगी. हा अंदाज बांधणाऱ्या २०१६ च्या एबीसी स्कोअरमध्ये वय, ट्रोपोनिन आणि आधी होऊन गेलेला स्ट्रोक यांच्या जोडीला ते आहे. पण वय वाढलं, किडनी मंदावली की ते आपोआप चढतं, लठ्ठ माणसात उतरतं. नुसत्या वाढलेल्या आकड्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करू नयेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आर्केडिया अभ्यासात स्ट्रोकनंतर अशा मार्करवरून निवडलेल्या रुग्णांत ॲपिक्सबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा ॲस्पिरिनपेक्षा फायदा झाला नाही. आधी नाडी, मग ईसीजी.

आणि सगळ्याच्या आधी बीपी. ३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात (२०१६) स्ट्रोकच्या जवळजवळ निम्म्या ओझ्याशी एकट्या उच्च रक्तदाबाचा संबंध दिसला. कुठल्याही रक्ताच्या पॅकेजमध्ये तो मोजला जात नाही, कारण त्याला बल्ब लागत नाही.

ताई, सॅम्पल नाकारणं महाग पडतं. बल्ब वाया जातो, सुई वाया जाते, उपाशी आलेला पेशंट चिडतो, पाठवणारा डॉक्टर दुसरी लॅब बघतो. हे सगळं माहीत असून तुम्ही हिरडीचं विचारता, दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सोडता, घड्याळ बघून वेळ लिहिता. तुम्हाला कोणी तपासत नव्हतं. पेशंटला हे कळणार नव्हतं आणि आम्हीही ते मागितलं नव्हतं. समोरच्या माणसाला पुढची दहा-वीस वर्षं भीतीत काढायला लागू नयेत, एवढंच तुमच्या मनात असणार. असं वागणारी माणसं पोस्टात असतात, एसटीच्या डेपोत असतात, रेशनच्या दुकानातही असतात. त्यांच्या भरवशावर इतरांचे दिवस नीट जातात आणि त्यांना कोणी पत्र लिहीत नाही. बाईंनी कपाटाच्या किल्ल्या मुलाकडून परत घेतल्या, हे तुम्हाला कळायलाच हवं होतं.

आमच्या चिठ्ठीवर आता तीन नवे रकाने छापले आहेत : रक्त घेतल्याची वेळ, ताप-सूज, केसांची गोळी. बाईंना बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आहेत. एचएस-सीआरपीला त्या पुढच्या पंधरवड्यात येतील, होमोसिस्टीन तीन महिन्यांनी, सकाळी लवकर. लायपोप्रोटीन ए पुन्हा करायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊही सोबत येईल, त्याचं मात्र एकदा करा. तो व्यायामशाळेत जातो आणि कसल्याशा गोळ्या घेतो, तेवढं विचारून घ्या.

आपले नम्र,
तालुक्यातल्या दवाखान्यातले डॉक्टर