आधी बाक, मग आवराआवर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मिळून मला दोन प्रश्न विचारलेत. एकाचं उत्तर देईपर्यंत दुसरा प्रश्न यायचा, म्हणून आता सविस्तर लिहायला बसलेय. आईचा प्रश्न असा, की त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तिथे सुतारकामाचा बाक कसला बांधतेस, आधी आवर. आणि बाबांचा प्रश्न, की घरात धडधाकट टेबल असताना एवढं लाकूड कशाला कापायचं?

तर बाक झालाय. भक्कम उभा आहे. आणि आई, खोली मी आधी आवरली नाही ती ठरवूनच.

त्या खोलीचं दुखणं तुला सांगते. फळ्या आवळून धरायचे क्लॅम्प दाराच्या कडीला लटकलेले, करवती पेटीवर, पेटी फळ्यांवर, फळ्या सायकलला टेकून उभ्या. एक फळी हवी तर आधी सायकल बाहेर काढायची. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या तुकड्यांचा ढीग तर माझ्यापेक्षा उंच. दर वेळी आवरायचे म्हणजे काय करायचे, तर या कोपऱ्यातला ढीग त्या कोपऱ्यात. कारण काम नक्की कुठे करायचं हेच ठरलेलं नसायचं. आज जमिनीवर, उद्या दोन स्टुलांवर, परवा दारात. पटाशी, गुण्या, रंधा ही हत्यारं हाताशी लागतात. हातच रोज वेगळ्या जागी असेल तर हत्यारांना तरी कायमची जागा कुठून मिळणार? म्हणून म्हटलं, आधी मधोमध एक जड वस्तू रोवू. मग बाकीच्यांना आपापली जागा शोधावीच लागेल.

बाक नसताना बाक कसा बांधला, हे बाबा विचारतीलच. दोन घोड्या, म्हणजे लाकूड टेकवायचे तिरप्या पायांचे आधार, त्यांवर एक सरळ फळी, आणि जेवढे होते तेवढे सगळे क्लॅम्प. आधी बाकाचा माथा केला. तो चिकटून तयार झाल्यावर त्याच घोड्यांवर आडवा टाकला आणि त्याच्यावरच पाय कापले, भोकं पाडली. म्हणजे अर्धा झालेला बाक उरलेल्या अर्ध्याच्या कामाला आला.

आता टेबलाचं. बाबा, जेवणाचं टेबल वरून येणारं वजन पेलायला केलेलं असतं. रंधा जोर लावतो तो आडवा. फळीवर रंधा मारायला लागलं की टेबल कुरकुरतं, थोडं डुलतं, आणि हाताचा निम्मा जोर त्या डुलण्यातच जातो. शिवाय टेबलाचा माथा पायांच्या बाहेर आलेला असतो, त्यामुळे लांब फळीची कड रंधायची झाली तर ती फळी उभी पकडायला काही सोयच नसते. माझ्या बाकाचे पुढचे पाय माथ्याच्या कडेशी अगदी एका पातळीत आहेत. फळी कडेला टेकवली, पायाला क्लॅम्पने आवळली, की ती जागची हलत नाही. ही युक्ती माझी नव्हे. पॅरिसमध्ये आंद्रे-जाकोब रूबो नावाचा सुतार होता. त्याने १७६९ पासून आपल्या कामावरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ खंडाखंडाने छापला. त्यातल्या बाकाचे पायही असेच कडेला लागून आहेत. अडीचशे वर्षांत यात कोणाला फारशी सुधारणा करता आलेली नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

माप दीड मीटर लांब आणि पंचावन्न सेंटिमीटर रुंद. रुंदी मुद्दाम कमी ठेवली. रुंद बाकाचा मागचा अर्धा भाग हाताच्या टप्प्यात येत नाही आणि मग तिथे सामान साठतं, हे मला माझ्याच लेखनाच्या टेबलावरून माहीत आहे. माथा पंचाहत्तर मिलिमीटर जाड. एवढ्या जाडीची अखंड फळी मिळणं कठीण आणि मिळाली तरी ती वाळायला वर्षं लागतात. म्हणून फळ्यांच्या पट्ट्या पाडल्या आणि फडताळात पुस्तकं उभी लावतात तशा उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक पट्टीचे तंतू कुठे झुकलेत ते पाहून खडूने बाण काढले. सगळे बाण एकाच दिशेला हवेत. एखादी पट्टी उलटी बसली की पुढे माथा रंधताना बाकी भाग गुळगुळीत होतो आणि त्या पट्टीतून मात्र ढलप्या उपटून निघतात. सगळ्या पट्ट्या एका दमात चिकटवायच्याही नसतात. पांढरा गोंद लावल्यापासून काही मिनिटांतच धरायला लागतो, तेवढ्यात दहा-बारा पट्ट्या सरळ करणं माणसाच्या हातचं काम नाही. तीन-चार पट्ट्यांचे गठ्ठे करून ठेवले, मग गठ्ठे जोडले. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आळीपाळीने लावले, म्हणजे सगळा ताण एकाच बाजूला येऊन माथा वाकत नाही.

या माथ्याचं वजनच चाळीस किलोच्या आसपास भरतं, आणि मला ते हवंच होतं.

बाबा, मला या सगळ्यात सर्वांत मजा कुठे आली असेल, तर माथा पायांवर बसवताना. लाकूड कापून, वाळवून, तेल पाजूनही हलायचं थांबत नाही. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही, सगळा फरक रुंदीत. एवढ्या रुंद माथ्यात दमट आणि कोरड्या ऋतूंत मिळून पाच-सहा मिलिमीटर सहज होतात. आता हा माथा खालच्या चौकटीला पुढून-मागून स्क्रूने घट्ट आवळला तर काय होईल? खालचा आडवा दांडा लांबीत हलणार नाही, वरचा माथा रुंदीत हलणारच. दोघांच्या भांडणात एक तर माथा तडकेल, नाही तर सांधे उचकटतील. म्हणून पुढच्या दोन पायांच्या डोक्यावर जाड लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्या माथ्याच्या खालच्या अंगाला पाडलेल्या गोल भोकांत घट्ट बसवल्या. मागच्या दोन खुंट्यांची भोकं मात्र लांबट ठेवली. त्यामुळे पुढची कड पायांशी कायम एका पातळीत राहते आणि फुगणं-आक्रसणं सगळं मागच्या बाजूला जातं. गोंद नाही, स्क्रू नाही. माथा स्वतःच्या वजनानेच बसलाय. घर बदलायची वेळ आली तर दोघांनी मिळून तो उचलून वेगळा करता येईल.

खालच्या चौकटीत स्क्रू कुठेच नाहीत, गोंदही नाही. पायांच्या भोकांत आडव्या दांड्यांची कुसवं, म्हणजे त्यांच्या टोकांना कोरलेल्या जिभा, बसवलीत आणि त्यांतून आरपार खुंट्या मारल्यात. यातली खुबी अशी: आधी पायातून गिरमिटाने भोक पाडायचं, कुसू आत घालून त्यावर भोकाची खूण करायची, आणि कुसू बाहेर काढून त्याचं भोक मात्र खुणेच्या दीड मिलिमीटर अलीकडे, खांद्याच्या बाजूला, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं तिकडे, पाडायचं. मग टोक निमुळतं केलेली खुंटी ठोकत गेलं की भोकं जुळत नसल्यामुळे तीच दांड्याला पायाकडे खेचत नेते. मोगरीच्या ठोक्यांचा आवाज हळूहळू बदलतो, आधी पोकळ आणि शेवटी घट्ट, आणि सांध्यातली फट डोळ्यांदेखत मिटते. त्या खोलीत दीड मीटरचे क्लॅम्प फिरवायला जागाच नव्हती, त्यामुळे ही पद्धत माझ्या पथ्यावरच पडली.

माथा सपाट करताना दोन सरळ, सारख्या काठ्या घेतल्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला आडवी ठेवायची, खाली वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि जवळच्या काठीच्या कडेवरून लांबची कड बघायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक बाजू किंचित जास्त दिसली तर माथ्याला पीळ आहे. मग उंच कोपऱ्यांवर पेन्सिलने गिरगटायचं आणि गिरगटलेलं नाहीसं होईपर्यंत तिरका रंधा मारायचा. उभा रंधा सगळ्यात शेवटी. किस इतका पडला की आईने पाहिला असता तर झाडू घेऊन थेट आत आली असती.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. बाकाच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चारही दांड्यांवर फळ्या टाकून एक फडताळ केलंय. खिळ्यांचे डबे, स्क्रूच्या बरण्या, कानशी, जुने बिजागर, लोखंडी सटरफटर, जे जे जड म्हणून खोलीभर लोळत होतं ते सगळं आता तिथे गेलंय. तुझा पसारा आता माझ्या बाकाचं वजन झालाय. जेवढा भरेन तेवढा बाक कमी हलेल. फक्त डब्यांच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा सोडावी लागते. माथ्याला आरपार भोकं आहेत. त्यांत वाकड्या मानेची एक लोखंडी सळई घालून वरून ठोकली की ती तिरपी होऊन भोकात अडकते आणि फळी दाबून धरते. तिची शेपटी खाली डोकावते, डबा वर असला तर आपटते. तुकड्यांचा ढीगही निम्म्यावर आलाय. हातभरापेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही असा नियम केलाय. नियम मोडायचा मोह रोज होतो, पण केलाय.

मास्क लावते. कानाला बोळेही. आणि जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून टाकत नाही, बाहेर दोरीवर पसरून पूर्ण वाळवते. ते तेल हवेशी संयोग पावून वाळताना तापतं, आणि चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. भुशाच्या खोलीत हे परवडणारं नाही. एवढं वाचून तुझी काळजी कमी होण्याऐवजी वाढली असणार, पण लपवून ठेवलं असं नंतर म्हणू नकोस.

खरं तर हे पत्र दुसऱ्याच कामासाठी लिहायला घेतलं होतं. बाबा, आई म्हणाली की तुम्ही हल्ली लाकूड हातात घेत नाही, कारण उभं राहिलं की गुडघे दुखतात. मग बसून करा. रोमन लोक तसंच करायचे. गुडघ्याएवढ्या ठेंगण्या, लांबट बाकावर दोन्हीकडे पाय सोडून बसायचं, फळी आपल्याच मांडीखाली दाबून धरायची आणि काम करायचं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये सापडलेल्या एका भित्तिचित्रात असा बाक दिसतो. त्याला व्हाइस, म्हणजे फळी आवळून धरणारा शिकंजा, लागत नाही, बसणाऱ्याचं वजनच पुरतं. तुमच्या पेट्या, चमचे, खेळण्यातल्या गाड्या यांना तो पुष्कळ झाला. माझ्या माथ्यातून उरलेल्या पट्ट्या तेवढ्या पुरतात, हे मी मोजून पाहिलंय.

उभ्याने काम करायच्या बाकाची उंची साधारण मनगटाच्या हाडाएवढी धरतात, माझा तसाच आहे. बसायच्या बाकाचा हिशेब वेगळा. तो जास्त ठेंगणा झाला तर तुम्हाला उठताना त्रास होणार, उंच झाला तर पाय अधांतरी राहून जोर लागणार नाही. म्हणून दोन मापं हवीत: बूट घालून बसल्यावर जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचं अंतर, आणि घरातल्या ज्या खुर्चीवरून तुम्ही हात न टेकता उठता तिच्या बैठकीची उंची.

आई, ही मापं तू घे. बाबांना घेऊ दिलीस तर ते ताठ बसून दाखवतील आणि हात न टेकता उठायची खुर्ची म्हणून नको ती खुर्ची सांगतील. टेप त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, चष्म्याच्या डब्यामागे. मापं सेंटिमीटरमध्ये लिहून कळव, म्हणजे याच आठवड्यात पाय कापायला घेते.

तुमची,
चिमी