मळ्यातल्या घराविषयी

मळा, पणजी

प्रिय सुहास,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: 'घर विकायचं म्हणतात, सही करू का?' उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण पुढे तू लिहिलंस की दिल्लीवाल्यांनी आपला मळा, पणजीतली ही जुनी वस्ती, गिळला. त्या वाक्यावर मी अडलो, म्हणून हे पत्र.

गिळणारे मागाहून आले रे. घरं त्याआधीच बंद झाली होती.

आपल्या लहानपणी इथे राहायचं कोण, आठवून बघ. सचिवालयातले कारकून, मेडिकल कॉलेजातले कंपाउंडर, कोर्टातले लेखनिक, पोस्टातले, छापखान्यातले, मास्तर. सगळे पायी जाणारे. दुपारी घरी येऊन हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी नि भात, जेवायचे, डोळा लावायचे आणि परत कचेरीत. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली, तेव्हापासून मळा आणि शेजारची फोंतेन्यसची वस्ती जगली ते या कचेऱ्यांवर. मग कचेऱ्याच उठल्या. मेडिकल कॉलेज शहराबाहेर बांबोळीला गेलं, 2000 साली विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीला गेली, 2021 मध्ये हायकोर्टही तिकडेच गेलं. त्यातला एकही निर्णय मूर्खपणाचा नव्हता, जुन्या इमारती खरंच पुरत नव्हत्या. पण ज्याची नोकरी पर्वरीला, तो फ्लॅटही पर्वरीलाच घेणार. आईवडील मागे राहिले. ते गेल्यावर दाराला कुलूप लागलं.

आता कुलूप का निघत नाही ते सांगतो. तुमचंच घर घे. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे अजून पाठ सोडत नाही, आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे: मुलगा-मुलगी समान, नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी, बापाला वाटलं म्हणून लेकीला घरातून बेदखल करता येत नाही. उरलेल्या देशात बायका ज्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या, ते आपल्या आज्यांना आपसूक मिळालं. पण याच कायद्यामुळे घर विकायचं तर प्रत्येक वारसाची सही लागते, आणि वर जावयांच्या नि सुनांच्याही. तुझी एक आत्या लिस्बनला, एक चुलतभाऊ इंग्लंडात स्विंडनला, तू पुण्यात, नाना वारले आणि त्यांची तीन मुलं आणखी तीन गावांत. सगळे राजी असतील तर वाटणीपत्र होतं. एक जरी रुसला तरी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा, आणि ती कधी संपेल ते मारुतीराय जाणे.

तोवर कौलं कोण परतणार? ज्याचा हिस्सा अमुक आण्यांचा, तो पूर्ण छपराचा खर्च का करील? गोव्याच्या पावसात एक वर्ष कौलं परतली नाहीत की वाशांना ओल लागते. पुढच्या वर्षी वाळवी येते. मग एखाद्या जुलैच्या रात्री आढं खाली येतं, आणि शेजारी म्हणतात, बरं झालं, आत कुणी नव्हतं.

भाड्याने द्यावं, तर 1968 चा भाडे नियंत्रण कायदा. भाडेकरूला रस्त्यावर काढू नये हा हेतू चांगलाच होता, आपल्यातली निम्मी बिऱ्हाडं त्याच्याच जोरावर टिकली. पण भाडं जुन्या काळातच गोठलं, म्हणून मालकाने डागडुजी सोडली, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूनेही केली नाही. दोघेही मग कोर्टात म्हातारे झाले. हे पाहून पुढच्या पिढीचे मालक शहाणे झाले. घर रिकामं ठेवलं तर निदान खटला होत नाही.

फोंतेन्यसमध्ये आणखी एक गोष्ट घडली. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होता येतं. मग त्या पासपोर्टवर पोरं इंग्लंडला गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही. इथे त्यांच्यासाठी काय होतं? खलाशाची नोकरी, नाहीतर हॉटेलातली.

अशा घराचं गिऱ्हाईक कोण होणार, सांग. ज्याच्याकडे चार देशांतल्या सह्या गोळा करायला वकील आहे, वेळ आहे आणि पैसा आहे, तोच. शाळेत जाणारी दोन मुलं असलेला बँकेतला माणूस या भानगडीत कशाला पडेल? म्हणून घर जातं होमस्टेवाल्याकडे. तो मात्र कौलं परततो, पिवळा-निळा रंग देतो, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं लावतो. तू फोटोत पाहतोस तो मळा इतका देखणा आपल्या लहानपणीही नव्हता. रंग उडालेला असायचा, आणि रात्री प्रत्येक खिडकीत दिवा असायचा.

आता रात्रभर बॅगांची चाकं खडखडतात. दिवसा लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी लोकांच्या पायऱ्यांवर चढून बसतात. 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत, आणि पोरी त्या पाटीशेजारी उभ्या राहून फोटो काढतात. पाव विकणारा पोदेर अजून येतो, पण आमच्या गल्लीत त्याने भोंपू वाजवला तर चारच दारं उघडतात. चार दारांसाठी तो किती दिवस सायकल चढवील? इस्त्रीवाला गेलाच. मूठमूठ तांदूळ जमवून शाळा चालवलेलं हे शहर. आज मूठ मागायची कुणाकडे?

पाण्याचं तुला ठाऊकच आहे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की रुआ द ओरें रस्त्यालगतची खाडी पाणी घेत नाही, आणि मळा तुंबतो. 2016 मध्ये पणजी स्मार्ट सिटी योजनेत गेली, मग रस्ते इतके खणले की 2024 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः पाहणीला उतरले. या विषयावर जास्त लिहिलं तर पत्रात शिव्या येतील. कॅसिनोंच्या गाड्यांबद्दलही तेच.

फेब्रुवारीत मारुतीची जत्रा अजून भरते, गर्दीही होते. आपलेच सगळे, पर्वरी-ताळगावहून गाडीने येतात आणि पार्किंग मिळत नाही म्हणून मळ्याला शिव्या घालतात.

आता तुझ्या सहीचं. होमस्टेवाल्याचा भाव मोठा आहे, मला आकडा कळलाय. पण नानांचा धाकटा म्हणतो, मी राहायला येतो, कर्ज काढून निम्म्याहून थोडं जास्त देऊ शकतो. त्याची बायको शिक्षिका आहे, मुलगी तिसरीत. आत्या त्याच्या बाजूला झुकली आहे, स्विंडनवाला गप्प आहे. सुहास, मळ्यासाठी हळहळायचं आणि आपला वाटा बाजारभावाने घ्यायचा, हे दोन्ही एकदम होत नाही. तुझ्या घराचे हप्ते आहेत हे मला माहीत आहे, म्हणून तू मोठा भाव घेतलास तरी मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही. पण दिल्लीवाल्याच्या नावाने बोटं मोडलीस तर ऐकून घेणार नाही.

सही कुणालाही दे. मागच्या पडवीवरची कौलं मात्र सरकली आहेत आणि गडी मेच्या शेवटी मिळत नाहीत, तेव्हा तुझ्या वाट्याचे पैसे पंधरा तारखेपर्यंत पाठव. बाकीच्यांकडून मी वसूल करतो.

तुझा,
अनंत