दणका वेगळा, गोंगाट वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ध्वनिप्रदूषणावरचा लेख वाचला. मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आमच्याही खिडक्यांची तावदानं थरथरतात, तेव्हा त्याबद्दलचा शब्दन् शब्द मान्य. पण शेवटच्या रकान्यात लेखकानं मेटल संगीतही, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचं जोरकस रॉकही, त्याच दावणीला बांधलं. 'थ्रॅश, डेथ वगैरे म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांचा आरडाओरडा', असं त्याच्या पोटप्रकारांबद्दल लिहिलं. इथं माझा चहा कडू झाला.

माझं वय सत्तावन्न. शिवाजी उद्यमनगरात दोन लेथ मशिनांचं वर्कशॉप आहे. १९९१ साली मावसभावानं इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरून एक कॅसेट आणली. साठ मिनिटांची, कुणाकडून तरी भरून घेतलेली, वर बॉलपेननं नाव आणि त्याचंही स्पेलिंग चुकलेलं. सेपल्चुरा या ब्राझीलच्या थ्रॅश बँडचा 'बिनीथ द रिमेन्स' हा अल्बम. तो साधारण बेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना शेवटी टेप उरायची आणि तिच्यावर आधीचं क्रिकेटचं समालोचन न पुसता राहिलेलं. शेवटचा दणका थांबला की कुणीतरी शांतपणे स्कोअर सांगायचा. आजही तो अल्बम ऐकून संपला की मला स्कोअरची वाट बघायची सवय आहे.

सुरुवातीला साधी गिटार वाजते, अगदी हळू. आपण बेसावध होतो आणि मग आवाजाची भिंत अंगावर येते. पहिल्यांदा मलाही गोंगाटच वाटला, खोटं कशाला बोलू? पण आमचा धंदाच कानावर चालतो. लेथवर वेग वाढवला आणि टूलला नीट धार नसली की जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, किंचाळतो. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. जॉबवर बारीक लाटा उठतात, डोळ्याला दिसत नाहीत पण नख फिरवलं की लागतात. धार बरोबर असेल तर त्याच वेगात जॉब आरशासारखा निघतो. आठवडाभर कॅसेट ऐकल्यावर लक्षात आलं की इतक्या वेगात इथं चॅटर नाही. गिटारवाला तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबतो, म्हणून प्रत्येक ठोका सुटा पडतो. मध्येच सगळे एकदम थांबतात, अर्धी मात्रा गप्प, आणि एकदमच उचलतात. ज्याला वाजवता येत नाही तो तिथंच उघडा पडेल.

हे वाजवणारे कोण होते तेही सांगतो. डिसेंबर १९८८ मध्ये रिओ दि जानेरोतल्या नास नुव्हेन्स स्टुडिओत रात्री जागून हे रेकॉर्डिंग झालं. गाणारा मॅक्स काव्हालेरा तेव्हा एकोणीसचा, ड्रमवरचा त्याचा धाकटा भाऊ इगोर अठराचा, गिटारवरचा आंद्रेआस किसर वीसचा. बँड बेलो होरिझोंतेचा, १९८४ सालचा. देशातली एकवीस वर्षांची लष्करी राजवट संपली त्याच्या पुढच्या वर्षी. फ्लोरिडातल्या टँपाहून स्कॉट बर्न्स हा ध्वनितंत्रज्ञ त्यांच्यासाठी आला आणि मिक्सिंग तिकडच्या मॉरिसाउंडमध्ये झालं. डेथ मेटलचा तो धारदार, कोरडा आवाज याच स्टुडिओतून जगभर गेला. आमच्याकडे अठराव्या वर्षी पोरगं आयटीआयमधून येतं तेव्हा त्याला टूल घासायलाही मी एकट्याला सोडत नाही. इगोरचं ड्रम ऐकताना हे दर वेळी आठवतं.

त्यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. शब्द तीस वर्षांत धड कळले नाहीत, ते पुतण्यानं मोबाईलवर काढून दिले. शीर्षकगीत युद्धानंतरच्या ढिगाऱ्याबद्दल आहे, रक्ताची हौस म्हणून लिहिलेलं नाही. दुसऱ्या बाजूची एक-दोन गाणी एकमेकांसारखी वाटतात. आणि घरी हे लावायची मला बंदी आहे, ती योग्यच आहे.

पण आवाज मोठा असणं हा या संगीताचा गुण नव्हे. मी ते मशीन बंद झाल्यावर, संध्याकाळी हिशेब लिहिताना बारीक आवाजात ऐकतो. बारीक आवाजातही त्याचा वेग तसाच लागतो. डॉल्बीचा आवाज कमी केला तर मागे काय उरतं ते लेखकानं एकदा तपासावं.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो चुकीचा आहे. तोंडं पांढरी-काळी रंगवलेले ते लोक ब्लॅक मेटल या मेटलच्याच दुसऱ्या प्रकारातले दिसतात. थ्रॅशवाले मळक्या जीन्स आणि पांढऱ्या बुटांत उभे असतात, आमच्या हेल्पर पोरांसारखे. तेवढी दुरुस्ती छापावी. डॉल्बीवरचा मजकूर मात्र गणपतीच्या आधी पुन्हा छापलात तरी चालेल.

कळावे.
आपला,
एक लेथवाला वाचक, कोल्हापूर