स्वयंभू संख्या वर्गात याव्यात

महोदय,

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४ हा त्यांच्या नावाचा स्थिरांक आठवतो. त्यांच्या स्वयंभू संख्या मात्र मुलांपर्यंत पोहोचतच नाहीत, याची खंत वाटते. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवत जा: २३ वरून २८, मग ३८, ४९, ६२... पण काही संख्या अशा आहेत, की दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून निघालं तरी त्या हाती लागत नाहीत; याच स्वयंभू संख्या. २०, ३१, ४२, ५३ या त्यातल्याच. अकरा-अकराची भर घालत ही यादी १०८ पर्यंत जाते. पुढे ११९ येणार असं आपण धरून चालतो, तर येते ११०! ११९ ही १०९ पासून तयार होते, म्हणून ती बाद. हे सगळं पाचवीतलं मूल नुसत्या बेरजेवर स्वतः पडताळू शकतं.

स्वाध्यायात ‘पुढील संख्या कोणती?’ असे प्रश्न ढीगभर असतात. ‘कोणती संख्या कधीच येणार नाही, आणि का?’ हेही विचारा ना! कापरेकरांनी १९६२ पर्यंत देवळालीतच शिकवलं. निदान नाशिक जिल्ह्यातल्या शाळांनी तरी येत्या सत्रापासून हे सुरू करावं.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड