तासाचा भाव

पुणे, 14 सप्टेंबर 2025

प्रिय मंद्या,

तुझा मेल काल रात्री वाचला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "चाललंय रे" म्हणून विषय बदलतोस. कराडच्या हॉस्टेलपासूनची खोड आहे तुझी. म्हणून हे पत्र.

कंपनीने तुला कामावरून काढलं त्यात तुझं काय चुकलं, हे शोधत बसू नकोस. मला काढलं तेव्हा जानेवारी 2024 पासून दोन महिने मीही तेच केलं, हाती काही लागलं नाही. 2023-24 या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून 60 हजारांहून जास्त माणसं कमी झाली. आता जुलैत टीसीएसने आणखी 12 हजार जाणार म्हणून जाहीर केलं, आणि त्यातली बहुतेक आपल्यासारखी मधल्या-वरच्या फळीतली. अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर गेला, तिथल्या क्लायंटनी हात आखडले आणि इथे आपली बेंच, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेल्यांची रांग, भरली. त्यात तुझ्या अप्रेझलचा काय संबंध?

आता कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या त्या व्हेंडरच्या ऑफरबद्दल. तासाला 950 रुपये, म्हणजे महिन्याला एक लाख साठ हजार होतात, असं तू लिहिलंस. होत नाहीत, लेका. तू 168 तासांनी गुणलंस. पण दिवाळीचा पैसा मिळत नाही, 26 जानेवारीचा मिळत नाही, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्लायंट दुकान बंद करतो तेव्हा तुझी टाइमशीटही कोरी. तू आजारी पडलास तर तो दिवस तुझ्या खिशातून. वर्षाचे कामाचे 260 दिवस धर. त्यातून दहा सुट्ट्या, तो डिसेंबरचा आठवडा आणि पंधरा दिवस आजारपण-लग्नकार्याचे वजा कर. उरले 230. गुणिले आठ, गुणिले 950, म्हणजे 17 लाख 48 हजार. महिन्याला एक लाख पंचेचाळीस हजार. यातून पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आईबाबांचा मेडिक्लेम नाही. मेडिक्लेमचं बघ हं. कंपनीची ग्रुप पॉलिसी संपायच्या आत त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज टाक. काकांच्या शुगरचा प्रतीक्षा काळ, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ, नव्याने सुरू झाला तर महागात पडेल. मी ते विसरलो होतो.

एक बाजू चांगलीही आहे. व्हेंडरच्या पेरोलवर पगारी म्हणून न जाता कन्सल्टंट म्हणून बिल केलंस तर आयकराच्या अंदाजे उत्पन्नाच्या तरतुदीखाली जमेच्या निम्मी रक्कमच उत्पन्न धरता येते. पुढच्या पूर्ण वर्षात 17 लाख 48 हजारांचे 8 लाख 74 हजार झाले, म्हणजे नव्या कर प्रणालीत 12 लाखांच्या आत, कर शून्य. व्हेंडरने कापलेला दहा टक्के टीडीएस रिटर्न भरल्यावर परत येतो. यंदा मात्र एप्रिल ते ऑगस्टचा पगार त्यात मिळवावा लागेल, तेव्हा उड्या मारू नकोस. आणि जमा 20 लाखांपलीकडे गेली की जीएसटी नोंदणी आली. मग गंमत अशी की व्हेंडरने तुझे पैसे दिलेले नसले तरी सरकारचे 18 टक्के तू वेळेवर भरायचे. माझ्या पहिल्या व्हेंडरने पंचेचाळीस दिवसांचा वायदा करून सत्तर लावले होते. तू 1 ऑक्टोबरला लागलास तर पहिलं बिल महिनाअखेरीला, पैसे डिसेंबरच्या मध्यात. तोवरचे हप्ते बाजूला काढून ठेव आणि मगच हो म्हण. भावासाठी घासाघीस कर. अकराशेवर अडून बस, हजाराला सोड. व्हेंडरकडची पोरगी "सर, बजेटच नाहीये" म्हणेल. तिलाही मार्जिन सांभाळायचं असतं, राग धरू नकोस.

आणि एक कर. कुठल्या क्लायंटकडे सीव्ही जाणार, ते लेखी विचारल्याशिवाय कुणालाही "येस, प्लीज प्रोसीड" लिहू नकोस. गेल्या वर्षी मार्चमध्ये एकाच कामासाठी मला तीन व्हेंडरचे फोन आले. जॉब डिस्क्रिप्शन थोडं थोडं बदललेलं, मला कळलंच नाही. दोघांना होकार दिला. क्लायंटकडे माझे दोन सीव्ही गेले, एकावर अठरा वर्षं अनुभव, दुसऱ्यावर व्हेंडरने परस्पर केलेली चौदा. दोन्ही बाद. हव्या असलेल्या कामावर मी स्वतःच्या हाताने पाणी ओतलं.

नौकरी डॉट कॉमवर रोज सकाळी प्रोफाइल अपडेट करायचं ते मीही केलं, नऊला, दात घासावेत तसं. त्यातून फोन पुष्कळ आले, काम एकही नाही. काम आलं ते इथल्या खराडीच्या आयटी ऑफिसांतून, आणि कसं आलं ते नीट वाच. फोनमधले नंबर काढले आणि एकेकाला स्वतंत्र मेसेज लिहिला, त्याच्या नावाने, आपण मिळून काय केलं होतं त्याची आठवण देऊन. शेवटी एक ओळ: "सध्या मी मोकळा आहे, कॉन्ट्रॅक्टही चालेल." ही ओळ टाइप करताना पहिल्यांदा अंगठा थांबला. अठरा वर्षं इंटरव्ह्यू घेणारा माणूस मोकळा आहे! साठ मेसेज गेले. पस्तीसजणांनी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला, काहींनी तेवढंही नाही. एका पोराने मात्र दहा मिनिटांत फोन केला. 2016 मध्ये त्याचा मंथएंड जॉब, म्हणजे महिनाअखेरीच्या हिशेबाचा प्रोग्राम, रात्री दोनला अडकला होता आणि मी घरी बसून त्याला अडवणारं डेटाबेसचं लॉक शोधून दिलं होतं. मला आठवतही नव्हतं. तो आता एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या सेंटरमध्ये लीड आहे. त्यांना ओरॅकल डेटाबेसवरून पोस्टग्रेस डेटाबेसवर जायचं होतं आणि 2009 साली लिहिलेली चार हजार ओळींची प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमधला प्रोग्राम, वाचायला कुणी तयार नव्हतं. नवी पोरं एआयला विचारत होती. एआयने सुंदर भाषांतर करून दिलं, फक्त व्याज एका दिवसाने चुकत होतं. ओरॅकलच्या तारखेत वेळही दडलेली असते, पोस्टग्रेसच्या तारखेत नसते. हे ज्याने रात्री जागून भोगलंय त्यालाच दिसतं.

तीन महिन्यांचं काम होतं, चारदा वाढलं. वाढल्याचा मेल दर वेळी शेवटच्या दोन दिवसांत येतो, त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलत नाही. गळ्यातली आयकार्डची पट्टी कायम लोकांपेक्षा वेगळ्या रंगाची आहे, कंपनीची बस नाही, ऑफिसच्या गणपतीच्या मेलमध्ये माझं नाव नव्हतं. आरतीला गेलो तरीही, मोदक खाऊन आलो.

तुझी ऑफर मी नाकार म्हणत नाही. भाव वाढवून घे, पैसे किती दिवसांत देणार ते करारात लिहून घे, तोवर मेसेज पाठवत राहा. पुढच्या शनिवारी कल्याणहून डेक्कन एक्स्प्रेस पकडून इकडे ये. येताना सीव्ही नको आणूस, नावं आण. ज्यांच्यासोबत रात्री जागलास त्यांची. चाळीस झाली तरी पुरेत. वैशालीने तुझ्यासाठी भरली वांगी ठरवून ठेवली आहेत, आणि जेवण झाल्यावर पहिले दहा मेसेज माझ्यासमोर बसून लिहायचे.

तुझा,
नित्या